पहिली वाट जवळची



मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. गटाची मासिक बैठक होती. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, चहा आला. तेवढ्यात एक ताई म्हणाल्या, "आपण साऱ्याजणी एकदा कुठं तरी पायी जाऊ ना." शेजारच्या बाईने लगेच विचारलं, "कायचा नवस हाय?" ताई म्हणाल्या, "नवस नाही. असंच. मले चालावंसं वाटते."

साऱ्या हसल्या, मीही हसले. घरी जाताना मात्र ते "असंच" माझ्या डोक्यातून जाईना. ही ताई रोजच चालते. निंदणाला चालते, कापूस वेचायला चालते, संत्र्याच्या तोडणीला चालते. चालणं तिला नवं नाही. नवं होतं ते कामाशिवाय आणि नवसाशिवाय चालणं. असं चालायला बाईला कधी मोकळीक होती का? होती, पण दरवेळी देवाचं नाव पुढे करावं लागलं. आज मी तुम्हाला हाच इतिहास सांगणार आहे. पहिल्यांदा पायी निघताना वाट कशी निवडायची, हेही आपल्याला त्याच इतिहासातून शिकता येतं.

सुरुवात आपल्या जवळच्या रिद्धपूरपासून करू. अमरावती जिल्ह्यातलं हे गाव महानुभाव पंथाचं मोठं स्थान आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींसोबत आणि त्यांच्यामागे जी माणसं गावोगाव फिरली, त्यांत बाया होत्या. महदंबा त्यांच्यातलीच एक. तिने रिद्धपूरला रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले, म्हणून मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात. लीळाचरित्रात गावांची, मुक्कामांची, भिक्षेची, वाटेवरच्या बोलण्याची नोंद आहे. सातशे वर्षांपूर्वी बाया घर सोडून वाटेला लागल्या, प्रश्न विचारू लागल्या आणि ते प्रश्न कोणीतरी लिहून ठेवले. यासाठी त्यांना घर मात्र कायमचं सोडावं लागलं होतं.

घर न सोडता, जाऊन परत येण्याची सोय वारीने दिली. आपल्या विदर्भाचं तर पंढरपूरशी सोयरपणच आहे. वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर मानतात. तिथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. ही परंपरा १५९४ सालापासूनची असल्याचं सांगितलं जातं. पालखी महिनाभराहून जास्त चालते. म्हणजे माहेरच्या माणसांनी लेकीला सासरी पोचवण्याचीच ही वाट.

पण वारीला घरातली कोणती बाई जायची? आपापल्या घरात आठवून पाहा. बहुधा सासू, विधवा आत्या, नाही तर जिची लेकरं मोठी झाली ती. वारी आषाढाची, म्हणजे ऐन पेरणीची, आणि त्या दिवसांत सुनेला घर सोडता येत नसे. मनात असूनही ती वीस-पंचवीस वर्षं थांबायची आणि निघायची तेव्हा गुडघे बोलायला लागलेले असायचे.

काहींना तर वाट चालूनही दार उघडं नव्हतं. पंढरपूरच्या मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. त्याच्याही आधी आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी, ज्यांना कोणी आसरा देत नव्हतं त्या यात्रेकरूंसाठी, पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली. चालून आलेल्या माणसाला सर्वांत आधी पाठ टेकायला जागा लागते, हे गाडगेबाबा जाणून होते, कारण ते स्वतः आयुष्यभर पायी फिरले. समाजशास्त्राच्या अभ्यासक इरावती कर्वे वारीत चालल्या, तेव्हा त्यांनाही दिसलं की वाट एकच असली तरी जातीजातींच्या पंगती वेगळ्या बसतात. म्हणून गट पायी निघणार असेल तर पंगत एकच हवी. ते आधीच ठरवा, वाटेवर ठरवायला ठेवू नका.

आता वारीची व्यवस्था पाहू. आळंदीच्या पालखीला आजची शिस्त लावली ती एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी. ते शिंद्यांच्या पदरी होते, त्यामुळे लष्करी मुक्कामाची घडी त्यांना ठाऊक होती. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर होतं आणि त्याला अडीच-तीन आठवडे लागतात. म्हणजे रोजची सरासरी पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा लांब टप्पा, म्हणून तो चढून गेल्यावर पालखी सासवडला दोन रात्री थांबते. अवघड टप्प्यानंतर विसावा ठेवायचा, ही रीत त्या माणसांनी दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी घालून दिली. दिंडीत जेवणाखाण्यासाठी प्रत्येक जण ठरलेली रक्कम देतो, तिला भिशी म्हणतात. तुमच्या-माझ्या गटात भिशी हा शब्द आहेच. चालणं आणि बचत यांची ओळख अशी जुनी आहे.

चालण्याची दुसरी वाट आपल्या शेजारच्या पवनारहून निघाली. मार्च १९५१ मध्ये विनोबा तिथून पायी हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला निघाले. त्यांचं वय तेव्हा पंचावन्न होतं. अंतर सुमारे तीनशे मैल, आणि त्यांनी ते महिनाभरात कापलं, म्हणजे दिवसाला दहा मैल. पुढे एप्रिलमध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झालं ते याच प्रवासात. १९५९ साली त्यांनी पवनारला बायांसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढलं. १९६७ मध्ये त्यांच्याच प्रेरणेने चौघीजणी लोकयात्रेला निघाल्या आणि बारा वर्षं देशभर पायी फिरल्या. सोबत पुरुष नाही, नवस नाही. गावात जायचं, बायांशी बोलायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. "बाया एकट्या चालू शकत नाहीत" असं कोणी म्हटलं तर या चौघींचं उदाहरण सांगा.

आता थोडं सातासमुद्रापार जाऊ. आपल्या वऱ्हाडचा कापूस जिथं जायचा, त्या विलायतेतल्या लँकेशायरमध्ये कोल्न नावाचं गिरणीगाव आहे. तिथले कामगार आठवड्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकत आणि वर्षातून एकदा गिरणी बंद झाली की समुद्रकाठच्या गर्दीत जाऊन दोन-चार दिवसांत उडवून येत. तिथल्या टी. ए. लिओनार्ड नावाच्या पाद्र्याला ते बघवेना. १८९१ साली त्याने तीसेक कामगारांना चार दिवस जवळच्या डोंगर-तळ्यांच्या मुलखात पायी फिरवलं. राहणं साधं, जेवण एकत्र. १८९३ मध्ये त्यातून सहकारी संस्था उभी राहिली आणि पुढे तिच्यात बायाही मोठ्या संख्येने आल्या. बचतीच्या पैशातून, गटाने, जवळच्या ठिकाणी, थोडे दिवस. दिंडीचीच ही रीत, देवाचं नाव तेवढं नव्हतं.

आपल्याकडेही असा एक डोंगर आहे. पचमढी. १९५६ पर्यंत नागपूर आणि पचमढी एकाच राज्यात होतं. इंग्रज साहेब उन्हाळ्यात तिथं थंड हवा खायला जात. त्याच डोंगरात आपले आजे-पणजे महादेवाची गाणी म्हणत पायी जात. साहेबाने त्याला सुट्टी म्हटलं, आपण यात्रा म्हटलं. झरा, झाडी, थंड वारा दोघांनाही मिळाला. आनंद आपल्यालाही झालाच असेल, आपण तो बोलून दाखवला नाही एवढंच.

आता महत्त्वाचं. पचमढीच्या नागद्वाराची यात्रा ऐकून पुष्कळ जणी म्हणतात, पहिल्यांदा तिथंच जाऊ. नको. ती वाट नागपंचमीच्या आधीचे थोडेच दिवस उघडते. भर पावसात, निसरड्या दगडांवरून, खड्या चढ-उतारांची ती वाट आहे. सुरुवात तिथून करायची नसते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या गटाने हीच चूक केली होती. उत्साहाच्या भरात एका देवस्थानाला एका दिवसात पंचवीस-तीस किलोमीटर जायचं ठरवलं. महिना मार्च, ऊन चढलेलं, दोघींच्या पायांत नव्या चपला. वाटेत बाईला आडोसा नाही, म्हणून साऱ्यांनी पाणीच कमी प्यायलं. दुपारी एकीला चक्कर आली आणि दोघी मालवाहू टेम्पोत बसून परतल्या. एकीचा पाय आठवडाभर सुजला आणि तिची मजुरी बुडाली. तिच्या घरच्यांनी एकच वाक्य ऐकवलं, "झालं ना फिरणं? आता पुरे."

मैत्रिणींनो, पुरुषाची पहिली वाट चुकली तर तो दुसऱ्यांदा निघतो. आपली पहिली वाट चुकली की दुसऱ्या वाटेची परवानगीच मिळत नाही. म्हणून आपण पहिली वाट फार जपून निवडायची. यात भित्रेपणा काहीच नाही. पुढच्या सगळ्या वाटा त्या एकीवर टिकून असतात.

म्हणून त्या ताईंच्या "असंच"साठी आम्ही बैठकीतच बसून ठरवलं.

हंगाम आधी पाहिला. सोयाबीन निघालं, कापसाची एक वेचणी झाली, थंडी पडली, त्यानंतरचा दिवस. आषाढातली पेरणी मोडायची नाही आणि मार्चच्या उन्हातही निघायचं नाही.

अंतर आठ-दहा किलोमीटरच ठेवलं. तीन आठवडे आधीपासून रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास साऱ्या मिळून चाललो. त्यात कोणाचा गुडघा दुखतो, कोणाला धाप लागते ते गावातच कळलं. दोघींना आरोग्य उपकेंद्रात रक्त तपासून घ्यायला पाठवलं.

वाट अशी निवडली, जिच्यावर दर तासाभराला गाव किंवा देऊळ लागेल, जिथं पाणी आणि संडास मिळेल. वाट शेवटी एसटीच्या रस्त्याला लागेल, म्हणजे थकलेली बाई घरी येऊ शकेल, हेही पाहिलं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहेच.

चपला पायाला सवयीच्या, पिशवी हलकी, डब्यात भाकर-ठेचा आणि संत्री. पैशासाठी आठवड्याला दहा रुपयांची वेगळी भिशी. दिंडीत पताकावाले पुढे आणि तुळस घेतलेल्या बाया मागे असतात. आम्ही क्रम बदलला. सर्वांत हळू चालणारी सर्वांत पुढे, म्हणजे मागे कोणी सुटत नाही.

ठिकाण ठरलं धापेवाडा. कळमेश्वर तालुक्यात, चंद्रभागा नावाच्याच नदीच्या काठी, विठ्ठलाचं देऊळ आणि कोलबास्वामींचं स्थान. विदर्भाचं पंढरपूर म्हणतात त्याला. जवळच आदासाच्या टेकडीवर गणपती आहे. कळमेश्वरपर्यंत एसटीने गेलो आणि तिथून पायी.

तुम्ही म्हणाल, शेवटी देवळातच गेलात ना. हो. ताईंनी घरी सांगताना धापेवाड्याचं नाव घेतलं आणि परवानगी मिळाली. आपल्या आज्यांनी हेच केलं, मग आपण का लाजायचं? पण बैठकीच्या वहीत मी "यात्रा" लिहिलं नाही. "गटाची पायी सहल" असं लिहिलं आणि साऱ्यांच्या सह्या घेतल्या.

आम्ही चौदा जणी होतो आणि चौदाही जणी चालत पोचलो. नदीकाठी भाकरी खाल्ली. त्या ताई पाय पाण्यात सोडून बराच वेळ बसल्या. मी विचारलं, "दमलात का?" त्या म्हणाल्या, "दमलो ना. पण आज कोणाचं काम करून नाही दमलो."

संध्याकाळी साऱ्या घरी होत्या. दुसऱ्या दिवशी साऱ्या कामावर गेल्या. पुढच्या बैठकीत, अजून हप्त्यांचा हिशोब सुरू व्हायचा होता, तेव्हाच प्रश्न आला, "पुढच्या वर्षी कुठं?" आता एका मुक्कामाची वाट शोधतो आहोत.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. कोणी विचारलं, "कायचा नवस हाय?" तर हसून सांगा, "असंच."