रक्तपेशींतून डीएनए काढण्याच्या पद्धती

माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींच्या केंद्रकातून डीएनए वेगळा करण्याच्या प्रयोगशाळेतील रीती. तांबड्या पेशींना केंद्रक नसते. त्या आधी फोडून हिमोग्लोबिन धुऊन टाकतात, कारण त्यातील हीम पुढे पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेत) अडथळा आणते. एक मिलिलिटर रक्तातून साधारण २० ते ४० मायक्रोग्रॅम डीएनए मिळतो.

सर्वांत जुन्या फिनॉल-क्लोरोफॉर्म पद्धतीत प्रथिने फिनॉलकडे जातात आणि डीएनए वरच्या पाण्याच्या थरात उरतो. तो लांबलचक व शुद्ध मिळतो; पण फिनॉल कातडी भाजते आणि उरलेल्या द्रवाची विल्हेवाट ही कटकटच. मिलर, डाइक्स व पोलेस्की यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत हेच काम मीठ करते: दाट खारट द्रावणात प्रथिने साका होऊन बसतात, डीएनए वर राहतो आणि अल्कोहोल घालताच धाग्यासारखा दिसू लागतो. प्रथिने पचवायला रात्र जाऊ शकते, एवढीच खोट. कमी पैशात चालवायच्या प्रयोगशाळेला आजही हीच पद्धत परवडते. सिलिका कॉलमचे तयार किट (मूळ तत्त्व बूम व सहकारी, १९९०) तासाभरात काम उरकते. मात्र दर नमुन्यामागे खर्च वाढतो. चेलेक्स (वॉल्श, १९९१) म्हणजे राळेच्या कणांसोबत नमुना उकळणे. मिळणारा डीएनए एकपदरी व ओबडधोबड, पण पीसीआरला पुरेसा.

पद्धत निवडताना रक्त कुठून येणार हेही पाहावे लागते. भोर-वेल्ह्याच्या घाटमाथ्यावरील कातकरी किंवा महादेव कोळी वाड्यांतून पुण्याला नमुना न्यायचा तर दिवस मोडू शकतो. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीतले रक्त फ्रीजमध्ये काही दिवस टिकते. हेपॅरिनची नळी टाळावी, ते पीसीआर बिघडवते. बर्फाची सोय नसेल तर गाळणकागदावर वाळवलेला थेंब बरा. रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बालकांच्या तपासणीसाठी १९६० च्या दशकात रूढ केलेली ही युक्ती. उदाहरणार्थ, सिकलसेल या रक्तविकाराची पहिली चाचणी हिमोग्लोबिनच्या विद्राव्यतेची असते, डीएनएची नव्हे. पण बीटा-ग्लोबिन जनुकातील एका अक्षराचा बदल जनुकातच पाहायचा झाल्यास या थेंबातून पाडलेली छोटी चकती आणि चेलेक्स पुरतात. संपूर्ण जनुकसंच वाचायचा असेल तर मात्र नळीभर रक्त आणलेले बरे.