घरच्या वर्कशॉपमध्ये रोटरी टेबल कसं बनवतात? समजून घ्या 90 दात्यांचं गणित

एका गोल चकतीवर सारख्या अंतरावर सात भोकं पाडायची आहेत. 360 ला सातने पूर्ण भाग जात नाही. कोनमापकाने खुणा केल्या, तर शेवटचं भोक थोडं सरकतं आणि बोल्ट बसत नाही. अशा कामांसाठी रोटरी टेबल लागतं. घरी लेथ आणि छोटं मिलिंग मशीन असलेले अनेक हौशी कारागीर ते स्वतःच बनवतात. ब्रिटनमध्ये ही परंपरा जुनी आहे. तिथल्या हौशी कारागिरांसाठी 'मॉडेल इंजिनिअर' हे मासिक 1898 मध्येच सुरू झालं.

रोटरी टेबल चालतं कसं?

मिलिंग मशीनवर बसवायची, हँडलने फिरणारी ही एक जाड गोल चकती असते. तिच्या खाली दाते असलेलं चाक म्हणजे वर्म व्हील असतं. त्याला लागून आटे असलेली दांडी, म्हणजे वर्म. हँडलचा एक फेरा झाला की चाक एक दाता पुढे सरकतं. चाकाला 90 दाते असतील, तर एका फेऱ्यात टेबल 4 अंश फिरतं.

म्हणजे सहा भोकांसाठी दर वेळी 15 फेरे. सात भोकांसाठी 12 फेरे आणि वर एका फेऱ्याचे सात भाग करून त्यातले सहा. त्यासाठी हँडलमागे 21 भोकांची डिव्हायडिंग प्लेट लावतात. 12 फेरे झाले की आणखी 18 भोकं पुढे जायचं.

चाकाचे दाते घरी कसे पाडतात?

यासाठी आटे पाडायचा साधा टॅप वापरता येतो. 16 मिमीच्या नेहमीच्या मेट्रिक टॅपचा पिच 2 मिमी असतो. 90 दात्यांसाठी परीघ हवा 180 मिमी, म्हणजे पिच व्यास सुमारे 57.3 मिमी. पितळेची किंवा ब्राँझची चकती मोकळी फिरेल अशी बसवून फिरत्या टॅपवर हळूहळू दाबतात. टॅपच चकतीला फिरवतो आणि दाते कापतो. वर्मलाही हेच आटे असावे लागतात.

पण एक अडचण आहे. चकतीचा बाहेरचा व्यास पिच व्यासापेक्षा मोठा असतो. त्यामुळे सुरुवातीलाच 90 ऐवजी 91 किंवा 92 दाते पडू शकतात. म्हणून आधी सुमारे अडीच अंश तिरप्या 90 खाचा पाडून घेतात. या खाचांसाठी 286.5 मिमी व्यासाची लाकडी चकती उपयोगी पडते. तिचा परीघ 900 मिमी होतो, म्हणजे दर 10 मिमीवर एक खूण.

चूक कुठे चालते, कुठे नाही?

डिव्हायडिंग प्लेटमधली चूक टेबलापर्यंत पोहोचताना 90 पट कमी होते. प्लेटचं भोक 1 अंशाने चुकलं, तरी टेबल फक्त 0.011 अंशाने चुकतं. वर्म व्हीलमधली चूक मात्र जशीच्या तशी कामात उतरते. म्हणून सगळ्यात जास्त वेळ चाकावर द्यावा लागतो.

वापरताना काय काळजी घ्यावी?

वर्म आणि चाक यांच्यात थोडी ढिलाई, म्हणजे बॅकलॅश राहतोच. म्हणून हँडल नेहमी एकाच दिशेने फिरवून खुणेवर आणतात. खूण ओलांडली गेली, तर बरंच मागे जाऊन पुन्हा त्याच दिशेने यायचं. वर्म चाकाजवळ सरकवता यावा म्हणून त्याचं बूश एक्सेंट्रिक ठेवतात.

टेबल घट्ट आवळणारा वेगळा क्लॅम्पही हवाच. भोक पाडताना तो आवळलेला नसेल, तर कटरचा सगळा जोर दात्यांवर येतो. गोलाकार खाच कापताना टेबल फिरतं ठेवावं लागतं. तेव्हा जॉब कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध सरकवायचा. उलट केलं, तर बॅकलॅशमुळे कटर जॉब खेचून घेतो, जॉब वाया जातो आणि कटर तुटून इजा होऊ शकते.