गाडीतला धूर, कायदा आणि मागच्या सीटवरचे मूल

१/ बीडहून परळीला जाणाऱ्या एसटीत कोणी विडी पेटवली, तर तो गुन्हा ठरतो. त्याच रस्त्यावर खासगी मोटारीत बाप व्हेप ओढत असेल आणि मागे त्याचे लेकरू बसलेले असेल, तर त्या लेकरासाठी लिहिलेले कलम केंद्रीय कायद्यांत नाही. हा फरक कसा निर्माण झाला, त्याचा हा थ्रेड.

२/ प्रारंभ रेल्वेपासून. १८९० च्या रेल्वे अधिनियमाचे कलम ११० सांगत असे: राखीव डबा सोडून इतरत्र सहप्रवाशांच्या संमतीवाचून धूम्रपान केल्यास २० रुपयांपर्यंत दंड. १९८९ च्या अधिनियमात (कलम १६७) संमतीऐवजी सहप्रवाशाची हरकत आली; दंड १०० रुपयांपर्यंत गेला.

३/ दोन्ही कायद्यांच्या मनातला सहप्रवासी बोलू शकणारा होता. आईच्या मांडीवरचे मूल बापाच्या विडीला हरकत कशी घेणार?

४/ पुढचे पाऊल न्यायालयाचे. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालये, शाळा, ग्रंथालये आणि सार्वजनिक वाहनांत धूम्रपानास मनाई केली. आता कोणी हरकत घेण्याची गरज उरली नाही.

५/ २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने हीच मनाई पक्की केली. दंड २०० रुपयांपर्यंत. परंतु निकष राहिला 'सार्वजनिक स्थळा'चा. एसटी आणि काळी-पिवळी जीप त्यात आली, घरची मोटार बाहेर राहिली.

६/ मग व्हेप आला. त्यात तंबाखूचे पान जळत नाही, बहुधा निकोटिनयुक्त द्रव तापतो. २००३ ची व्याख्या मात्र तंबाखूच्या धूम्रपानाची. म्हणून १८ सप्टेंबर २०१९ रोजी स्वतंत्र अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात या सर्वांवर बंदी. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

७/ या यादीत 'ओढणे' नाही. 'वाहतूक' आहे, पण ती मालाची. त्याच गाडीत बसलेल्या मुलाचा विचार तिथे नाही.

८/ इंग्लंड-वेल्समध्ये उलट घडले. १ ऑक्टोबर २०१५ पासून १८ वर्षांखालील व्यक्ती सोबत असताना खासगी बंद गाडीतही धूम्रपानास मनाई झाली; त्या नियमातून ई-सिगारेट मात्र वगळली गेली. तिथल्या कायद्याला मूल दिसले, व्हेप नाही. इथे व्हेप दिसला, मूल नाही.

९/ १८९० पासून कायदा सहप्रवाशाचे रक्षण करत आला. सर्वांत लहान सहप्रवाशाची नोंद अजून व्हायची आहे. तोवर बंद काचांच्या गाडीत त्याच्या श्वासाची जबाबदारी चालवणाऱ्यावरच आहे.