गाडगेबाबांचा खराटा आणि वारीचा तळ

दिंडीच्या शंभरीत विणेकरी, टाळकरी, चोपदार यांच्या आठवणी निघतात, आणि त्या निघाव्यातच. पण लाखो माणसं पुढं गेल्यावर मागं गावात काय उरतं, हाही वारीचा इतिहासच आहे. तो गाडगेबाबांच्या खराट्यापासून सांगावा लागतो.

बाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. १९०५ साली घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात गाडगं नि खराटा. गावात शिरले की कुणाला काही न सांगता झाडायला लागत. परका माणूस आपल्या दारातली घाण काढतोय म्हटल्यावर घरधन्याला बसवत नसे, तोही उठे. रात्री कीर्तन. त्यातही बाबा उपदेश कमी करत नि प्रश्न जास्त विचारत. उत्तर लोकांच्याच तोंडून वदवून घेत. चारचौघांत आपण होऊन बोललेलं मोडणं जड जातं, माउली! १९५६ साली बाबा गेले. त्याच वर्षी मुंबईत बांद्र्याला झालेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे. त्यात हा सवालजवाब आजही ऐकू येतो.

२०००-०१ साली आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना बाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान निघालं. सरकारनं गावांची स्पर्धा लावली. तपासणी समिती येणार म्हणून गावंच्या गावं श्रमदानाला उतरली. बक्षिसापेक्षा शेजारच्या गावाच्या पुढं जायची ईर्ष्या मोठी. समिती गेल्यावर कुठं कुठं उकिरडे परत आले, हेही खरं.

पुढं 'गुड मॉर्निंग पथकं' आली. पहाटे उघड्यावर बसलेल्यांना गाठून लाजवायचं. हे काही आम्हांला पटलं नाही. बाबांनी दुसऱ्याला लाजवलं नाही, आधी स्वतः वाकले. ज्याच्या घरी संडासाला जागाच नाही, त्याला लाजवून काय होणार?

वारीत याची झळ बायांना जास्त. अंधार पडेपर्यंत थांबायचं, म्हणून पाणीसुद्धा कमी प्यायचं. आता निर्मल वारीमुळं मुक्कामाच्या तळावर फिरती शौचालयं उभी राहतात. पंढरपुरात ६५ एकरावर सोय झाली. संडास जवळ असला, दिवा नि पाणी असलं, तर माणूस न सांगता तिकडं वळतो. टाकी लांब असली की शेताकडं.

सफाई कामगारांना ही घाण हातानं उचलावी लागे. तो प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तळ उठल्यावर आजही खराटा घेऊन कुणीतरी येतंच. त्यांच्या आधी आपल्या राहुटीपुढच्या पत्रावळी आपणच उचलायच्या, तंबूचे खुंटे काढण्याआधी.