शेवटची बोट

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे 'क्रूझ' हा शब्द चांगलाच रुळला आहे. पूर्वी सुट्टीत महाबळेश्वर नाहीतर माथेरान, फार झालं तर काश्मीर. आता मुलांच्या शाळांना सुट्ट्या लागल्या की लोक बोटीवर चार दिवस राहायला जातात. बोटीने कुठे जायला नव्हे हं, बोटीवर राहायला! हा फरक माझ्या लक्षात आला तो आम्ही सगळे दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-गोवा क्रूझला गेलो तेव्हा.

मुलाने तिकिटं काढली आणि मला म्हणाला, "आई, तू कधी समुद्रातून गेली नसशील ना एवढी लांब?" मला हसूच आलं. म्हटलं, "अरे, तुझी आई अकरा वर्षांची होईपर्यंत दर मे महिन्यात याच समुद्रातून जात होती, आणि तेही डेकवर चटई टाकून!" नात आठवीत आहे. तिने लगेच विचारलं, "म्हणजे तू पण क्रूझने जायचीस?"

नाही गं बाळे. आम्ही बोटीने जायचो. पण नुसतं एवढं सांगून तिला काय कळणार? मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. अफजलखानाचा वध आणि पानिपत तोंडपाठ, पण आपल्याच घरच्या वाटेचा इतिहास मी वर्गात कधी सांगितला नाही, कारण तो पुस्तकात नव्हता. म्हणून आज लिहायला बसले आहे.

मुंबईत बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली १८५३ साली. पुढच्या दहा वर्षांत ती बोरघाट चढून देशावर गेली. पण मुंबईला लागूनच असलेल्या कोकणात मात्र ती पोचली नाही. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावरून गाडी धावली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. मधली वर्षं मोजा, १४५ होतात! गिरण्यांना कामगार कोकणाने पुरवले, गोदीला हमाल पुरवले, घरोघरी गडी पुरवले, पण त्यांना गावी जायला रेल्वे नव्हती. रस्त्याचं म्हणाल तर सह्याद्रीतून निघालेल्या नद्या कोकणपट्टीला आडव्या कापत समुद्राला मिळतात. बाणकोटची खाडी, दाभोळची खाडी, जयगडची खाडी, विजयदुर्गची खाडी... पूल नव्हते तेव्हा प्रत्येक खाडीशी रस्ता तुटायचा. उत्तर-दक्षिण अखंड अशी वाट एकच होती, ती म्हणजे समुद्र.

म्हणून कोकणचा माणूस बोटीने जायचा. आधी शिडाच्या गलबतांतून, मग आगबोटीतून. मुंबईत बोट सुटायची ती भाऊच्या धक्क्यावरून. हे भाऊ म्हणजे एकोणिसाव्या शतकातले लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. त्यांनी धक्का बांधला आणि लोकांनी त्यांचं नाव त्याला कायमचं चिकटवलं. या मार्गावर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी चालत. स्वदेशीच्या चळवळीत काही देशभक्त मंडळींनी सहकारी तत्त्वावर आपली बोट कंपनी काढली. तिला लोक चक्क 'माझी आगबोट कंपनी' म्हणत! बोटींना संतांची नावं दिली, म्हणजे भाविक माणूस विश्वासाने चढेल. पण समुद्राला नावाचं काय? ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता तेव्हा, रेवसला निघालेली 'रामदास' भर पावसात काशाच्या खडकाजवळ कलंडली. भाऊच्या धक्क्यावरून निघून जेमतेम अर्धा तास झाला होता. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताही नव्हता.

माझा जन्म त्यानंतरचा, १९५० चा. पण 'रामदास' आमच्या घरात होतीच. आमची बोट धक्का सोडून बाहेर निघाली की वडील रेवसच्या दिशेला हात करून म्हणत, "काशाचा खडक तिकडे." मग आई पदराखाली हात जोडायची आणि पुडीतलं हळदकुंकू पाण्यात सोडायची. आम्हा मुलांना एवढंच माहीत की इथे गप्प बसायचं.

आमचं गाव देवगड तालुक्यात. वडील मुंबईत नोकरीला, म्हणजे आम्ही चाकरमानी. शाळेचा निकाल लागला की दुसऱ्याच दिवसापासून वळकट्या बांधायला सुरुवात. तिकिटासाठी वडील पहाटे रांगेत उभे राहत. निघायच्या दिवशी ट्रंक, वळकटी, पाण्याची फिरकी, दशम्या, लसणाची चटणी, गावच्या लोकांसाठी मुंबईचा खाऊ असा सगळा संसार घेऊन टॅक्सीने धक्क्यावर. शिडी लागली की एकच झुंबड! वडील आधी धावत वर जाऊन चटई अंथरत. ती चटई म्हणजे आमची केबिन. शेजारच्या चटईवर कोण येईल ते नशिबावर, पण तासाभरात त्यांच्याशी नातं निघालंच म्हणून समजा.

'चंपावती', 'रोहिदास' ही तेव्हाच्या बोटींची नावं. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांपुढे ही नावं घेऊन बघा, कसे डोळे चमकतात ते. सकाळी बोट सुटायची. मग हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लं... प्रत्येक बोट प्रत्येक बंदर घेत नसे, पण आम्हा मुलांना ही यादी पाढ्यासारखी पाठ होती. खरं सांगायचं तर भूगोल मी शाळेत नाही, डेकवर शिकले.

दुपारनंतर बोट लागायची. 'बोट लागणे' हा शब्दप्रयोग आता फारसा कानावर येत नाही, 'गाडी लागते' म्हणतात. आई आवळासुपारी आणि लिंबू तयार ठेवायची, तरी निम्मा डेक आडवा झालेला असायचा.

आणि मग उतरणं! आजच्यासारखा धक्का नव्हता बरं का. बोट खोल पाण्यात उभी राहायची, भोंगा द्यायची. किनाऱ्यावरून कंदील लावलेले पडाव हलत हलत येत. देवगडला बहुधा मध्यरात्र उलटून गेलेली असे. खाली काळं पाणी, पडाव लाटेबरोबर वर-खाली होतोय, आणि खलाशी ओरडतोय, "सोडा, सोडा पोराक!" वडील आम्हाला वरून सोडत आणि तो माणूस खालून झेलत असे. आयुष्यात त्या माणसांची नावं मला कळली नाहीत. पण एकाही मुलाला त्यांनी पाण्यात पडू दिलेलं मी पाहिलं नाही. किनाऱ्यावर आजी कंदील घेऊन उभी. एवढ्या रात्री, गावातून बैलगाडीने येऊन.

आता मुख्य गोष्ट सांगते. कोकणची बोट बारमाही नव्हती. पावसाळ्यात समुद्र खवळला की लांबच्या बंदरांची वाहतूक बंद होई. मे महिना संपता संपता शेवटची बोट सुटायची आणि मग पाऊस ओसरेपर्यंत काही नाही. आमची शाळा मात्र जूनमध्ये उघडायची. म्हणजे शाळेची सुट्टी शिल्लक असताना समुद्राची सुट्टी सुरू व्हायची! झाडावर आंबे असत, फणस पिकायचे असत, आणि आम्हाला निघावं लागे. शेवटच्या बोटीला अशी गर्दी की विचारू नका. माणसांइतक्याच आंब्याच्या करंड्या. डेकवर पाय ठेवायला जागा नसे, आणि सगळ्या बोटीला हापूसचा वास.

१९६१ सालचा मे. मी अकरा वर्षांची. शेवटच्या बोटीला आम्ही पडावात बसलो, आजी पुळणीत उभी होती. त्या वर्षी ती जरा थकली होती. आईला म्हणाली, "आता पुढल्या मेला." एवढंच. दरवर्षी हेच म्हणायची.

जुलैमध्ये तार आली. आजीने अंथरूण धरलं होतं. पुण्यात पानशेतचा पूर नुकताच होऊन गेला होता, सगळीकडे पावसाने कहर केला होता. बोट बंद. वडील निघाले ते रेल्वेने पुणे, तिथून गाडी बदलून कोल्हापूर, मग एस.टी.ने फोंडा घाट. घाटात दरड पडलेली, तिथे एक अख्खा दिवस गेला. चौथ्या दिवशी घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. परत आल्यावर वडील फार काही बोलले नाहीत. एकदाच जेवताना म्हणाले, "समुद्र चालू असता तर एका रात्रीत पोचलो असतो."

त्यानंतर आम्ही मे महिन्यात गावी जाणं कमी झालं. आजीच नव्हती, घर बंद.

बोटींचं पुढे काय झालं तेही सांगते. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या चौगुले कंपनीच्या बोटी आल्या, नंतर हा कारभार सरकारी मोगल लाइनकडे गेला. पण तोवर खाड्यांवर एकेक पूल होत होता आणि एस.टी. थेट गावच्या पारापर्यंत जाऊ लागली होती. बोट बंदरात सोडते, एस.टी. दारात! लोक तरी काय करतील? ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ही सेवा बंद पडली. नव्वदच्या दशकात दमानियांची कॅटामरान मुंबई-गोवा धावली, पण ती मधल्या बंदरांची नव्हती. मग कोकण रेल्वे आली. २०१८ साली 'आंग्रिया' नावाची क्रूझ सुरू झाली, २०२१ पासून कॉर्डेलियाचं मोठं जहाज आलं. पण ती आता सहलीसाठी.

अनेकजण लिहितात की बोटी गेल्या आणि कोकणाचं वैभव गेलं. मलाही तसं वाटायचं. पण विचार केल्यावर वाटतं, ज्या पुलांनी आणि बोगद्यांनी बोट संपवली, तेच १९६१ साली असते तर माझ्या वडिलांना त्यांची आई भेटली असती. आज माझा भाचा जुलैच्या मुसळधार पावसातसुद्धा रात्री गाडीत बसतो आणि सकाळी गावी चहा घेतो. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने आठवणीच्या प्रेमात पडून हे विसरू नये. बोटीची मजा आम्हा मुलांना होती. तिची किंमत मोठ्यांनी मोजली.

तर आमची क्रूझ. बॅलार्ड पिअरवरून निघालो. पोहायचा तलाव, जादूचे प्रयोग, चोवीस तास खाणं. मुलं खूश. कोणाला बोटसुद्धा लागली नाही, एवढं ते जहाज प्रचंड! मी तक्रार करत नाही, मलाही खोलीतल्या मऊ गादीवर छान झोप लागली. पण मध्यरात्रीनंतर जाग आली आणि राहवेना, म्हणून शाल घेऊन वर डेकवर गेले. मागोमाग नात आली. डाव्या हाताला दूर अंधारात एक दिवा ठरावीक वेळाने लुकलुकत होता. तिने मोबाईलवर नकाशा उघडून पाहिला आणि म्हणाली, "आजी, आपण देवगडच्या समोर आहोत!"

मी दीपगृहाच्या त्या दिव्याकडे बघत राहिले. जहाजाने वेग कमी केला नाही, भोंगाही दिला नाही. कशाला देईल?

"इथे का नाही थांबत?" नातीने विचारलं.

मी म्हटलं, "इथे कोणी उतरणारं नाही म्हणून."

मग तिथेच उभं राहून मी तिला चटईची, पडावाची, कंदिलाची, आणि पुळणीत उभ्या असलेल्या तिच्या खापरपणजीची गोष्ट सांगितली. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आपण मेच्या सुट्टीत जाऊ या का गं तिथे? ट्रेनने?"

गावचं घर अजून आहे, कौलं तेवढी शाकारावी लागतील. मुलाला अजून सांगितलेलं नाही. मी एप्रिलचं आरक्षण कधी उघडतं ते मात्र पाहून ठेवलं आहे.