स्वप्रकाशन आणि ‘असूड’

परळ-काळाचौकीच्या गिरणगावाचा ग्रंथव्यवहाराशी असलेला संबंध शोधू लागल्यास नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापाशी थांबावे लागते. १८८० पासून त्यांनी मुंबईतून ‘दीनबंधु’ चालवला. १८८४ मध्ये परळला गिरणीकामगारांची सभा भरवली. तरीही जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची (१८८३) पहिली दोनच प्रकरणे त्यांनी छापली. पुढील प्रखर मजकूर छापण्यास सत्यशोधक सहकारीही कचरला.

हा अनुभव फुल्यांना नवा नव्हता. ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले आणि ते १९७९ पर्यंत अप्रकाशित राहिले. याउलट ‘गुलामगिरी’ त्यांनी १८७३ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केली, म्हणून ती तत्काळ वाचकांपुढे आली. बांधकामाच्या ठेकेदारीवर चरितार्थ चालत असल्याने त्यांना आश्रयदात्याची मर्जी सांभाळावी लागली नाही. लेखन, खर्च आणि जबाबदारी ही तिन्ही ओझी मात्र एकाच माणसावर पडली.

१८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ डाव्या हाताने लिहिले. १८९० मध्ये त्यांचे निधन झाले. पुस्तक १८९१ मध्ये दत्तकपुत्र यशवंत यांनी प्रसिद्ध केले. संपूर्ण ‘असूड’ मात्र सर्वसामान्य वाचकाच्या हाती १९६९ च्या समग्र वाङ्मयामुळे आला.

तेव्हा स्वप्रकाशनाला केवळ लेखकाची हौस मानणारी समीक्षा अपुरी ठरते. नकाराधिकार इतरांच्या हाती असतो तेव्हा ते श्रम विचाराच्या अस्तित्वाचीच अट होतात.