आईची तोंडी परीक्षा

"आज तारीख काय, आजी?" डॉक्टरांनी विचारले. "काल एकादशी होती," आई म्हणाली. एकादशी खरोखरच आदल्या दिवशी होती, पण तारखेपुढे शून्य पडले. मग १०० मधून ७, त्यातून पुन्हा ७... तिथेही शून्य. ३० पैकी १७ गुण.

माझी आई आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळची, दुसरीपर्यंत शिकलेली. पुण्यातल्या मेमरी क्लिनिकमधून परतताना मला तिच्या स्मृतीपेक्षा प्रश्नपत्रिकेचीच शंका आली. संशोधकाची खोड! मी तिचा इतिहास धुंडाळायला बसले.

अशी विचारपूस जुनीच आहे. १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात डॉ. आलोइस अल्झायमर यांनी ५१ वर्षांच्या ऑगस्टे नावाच्या बाईंना नवऱ्याचे नाव विचारले, तर त्यांनी स्वतःचेच सांगितले. पेन्सिल, किल्ली अशा वस्तू त्यांनी बरोबर ओळखल्या. पण आपल्याला काय काय दाखवले, हे थोड्याच वेळाने त्यांना सांगता येईना. पुढे त्या आजाराला अल्झायमर यांचे नाव मिळाले.

आज सर्वत्र वापरली जाणारी ३० गुणांची चाचणी १९७५ची. अमेरिकेतल्या मार्शल व सुझन फोलस्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी ती रुग्णाच्या खाटेशेजारी दहा मिनिटांत घेता यावी म्हणून तयार केली. तीत वाचायचे असते, एक वाक्य लिहायचे असते, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायचे असतात. म्हणजे परीक्षार्थी शाळेत गेलेला आहे, हे गृहीतच! २४ च्या खाली गुण गेले की शंका घ्यायची, असा प्रघात पडला. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या १८,००० हून अधिक प्रौढांचे गुण तपासले गेले. नऊ वा अधिक वर्षे शिकलेल्यांचा मध्यक निघाला २९, आणि चार वर्षे किंवा त्याहून कमी शिकलेल्यांचा २२. म्हणजे कमी शिकलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण २४ च्या खालीच! परीक्षा नक्की कशाची होते, हा प्रश्न आपणा शिक्षकांना नवा नाही.

त्या २२ ला मी सहा महिने धरून बसले.

हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत हाच पेच मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे होता. तिथल्या पाहणीतले सुमारे ७३ टक्के लोक निरक्षर होते. १९९५ मध्ये त्यांनी हिंदी चाचणी प्रसिद्ध केली. 'डोळे मिटा' हे वाचून तसे करण्याऐवजी समोरच्याची नक्कल करायची, वजाबाकी सोपी, वार उलटे म्हणायचे.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी आईला याच धर्तीवर मराठीतून विचारले. वार तिने उलटे घडाघडा म्हटले. गाव? "महाळुंगे पडवळ. बाबू गेनूचं गाव." मग १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झालेला २२ वर्षांचा गिरणी कामगार तिने असा सांगितला की, डॉक्टर लिहायचे थांबले. तत्पूर्वी तिला तीन शब्द दिले होते: आंबा, खुर्ची, नाणे. तिने ते लगेच म्हणूनही दाखवले होते.

"मघाचे तीन शब्द सांगता?"

"कुठले शब्द?"

शब्द दिले होते, हेच ती विसरली होती. आणि मग बाबू गेनूची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. शाळेचा इथे काही संबंध नव्हता.

ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉईडचा दोष असता तर उपचाराने फरक पडू शकला असता. दोन्ही अहवाल ठीक आले आहेत. पुढची तपासणी सहा महिन्यांनी.